चेन स्लिंग तपासताना नेमकं मोजायचं कुठे?

नवा_भिडू

नमस्कार मंडळी. देखभाल विभागात लागून चार महिने झालेत. गेल्या आठवड्यात साहेबांनी एक वही हातात दिली आणि म्हणाले, "उचलायच्या सगळ्या चेन आता तू बघायच्या." मागच्या माणसाने वहीत प्रत्येक ओळीपुढे 'ठीक' लिहिलंय. तीन वर्षं नुसतं ठीक, ठीक, ठीक. एकदाही काही बिघडलं नाही हे वाचूनच धास्ती बसली.

सध्या गाडी अडलीये एका टू-लेग स्लिंगवर, म्हणजे वर एक मोठी कडी आणि तिला लोंबणारे चेनचे दोन पाय (लेग), प्रत्येकाच्या टोकाला हुक. चेन 10 मिमी, टॅगवर ग्रेड 8, प्रत्येक लेग 3 मीटर. व्हर्नियर (जाडी मोजायचं कॅलिपर) लावलं तर 9.9, 10.0, 9.8 असं येतं, म्हणजे झीज नाहीच म्हणायची. पण जमिनीवर दोन्ही लेग शेजारी-शेजारी ताणून ठेवले की एक लेग बोटाच्या रुंदीएवढा लांब दिसतो. फोरमनना सांगितलं तर म्हणाले, "काल याच चेननं पंप-मोटर उचलली ना? मग?"

या 'मग?'ला काय उत्तर द्यायचं ते सुचेना, म्हणून इथे विचारतोय. चेन बाद करायची की वापरायची?

तिसरीपाळी

'काल उचलली ना' हे वाक्य प्रत्येक तुटलेल्या चेनबद्दल आदल्या दिवशी खरंच होतं.

घारपंजा

क्रेन चालवतो, वरून बघतो, त्यामुळे माझा स्वार्थ आहे. लांबीत फरक दिसला की आधी स्लिंग बाजूला टांगा आणि टॅगवर 'वापरू नये' बांधा. मोजमाप नंतर निवांत करा. मोजेपर्यंत वापरू, असं म्हटलं की मोजायचं राहतं आणि वापरणं तेवढं चालू राहतं.

मोजपट्टी

नवा_भिडू, तुमची चूक नाही, पहिल्यांदा मोजणारे बहुतेक सगळे तिथेच मोजतात. तुम्ही व्हर्नियर लावलंत ते लिंकच्या, म्हणजे कडीच्या, सरळ बाजूवर. तिथे चेन फारशी घासत नाही. झीज होते ती टोकाच्या गोलाईत, जिथे एक लिंक दुसऱ्या लिंकच्या कुशीत बसते. आणि गंमत अशी की चेन ताणलेली असताना नेमकी तीच जागा झाकलेली असते. लांबून लखलखीत दिसणारी चेन आतून खाल्लेली असू शकते.

असं करा. चेन टेबलावर सैल ठेवा. एक लिंक तिरपी करून शेजारच्या लिंकमधून बाहेर सरकवा, म्हणजे बसायची जागा उघडी पडेल. तिथे दोन मापं घ्या. एक चेनच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे ज्या दिशेने लिंक लिंकला दाबते ती जाडी. दुसरं त्याच जागी काटकोनात. दोन्हींची सरासरी काढा. युरोपीय मानक ईएन 818-6 प्रमाणे ही सरासरी मूळ जाडीच्या 90 टक्क्यांखाली गेली की चेन बाद. तुमच्या 10 मिमीला ही रेघ 9.0 वर येते.

बघायची मात्र प्रत्येक लिंक. 10 मिमी चेनची लिंक आतून 30 मिमी असते, म्हणजे तुमच्या एका लेगमध्ये साधारण शंभर लिंक झाल्या. कंटाळवाणं आहे, मान्य. सगळ्या लिंकना व्हर्नियर लावायची गरज नसते, पण प्रत्येक लिंक उलटीपालटी करून डोळ्याखालून गेलीच पाहिजे, आणि शंका आली तिथे व्हर्नियर.

ठिणगी

मोजपट्टींच्या आधी एक पायरी मी घालते, ती म्हणजे धुणं. तेल-मातीच्या थराखाली तडा सोडा, अख्खी खाच लपते. दिवाबत्तीच्या अंधुक उजेडात ही कामं करू नका, दिवसाचा उजेड किंवा चांगला हँडलॅम्प घ्या.

बघायचं काय? आडवी खाच ही सर्वात वाईट, कारण तडा तिथूनच आत शिरतो. लिंकच्या लांबीच्या दिशेने असलेला ओरखडा त्या मानाने सौम्य. बारीक खाच हलक्या हाताने, लांबीच्या दिशेने घासून सपाट करता येते, पण घासल्यावर उरलेली जाडी त्या 90 टक्क्यांच्या वरच राहिली पाहिजे. वेल्डिंगचे शिंतोडे किंवा इलेक्ट्रोड लागून पडलेला ठिपका दिसला तर तो साधा डाग समजू नका. तेवढ्या जागी पोलाद झटक्यात तापून झटक्यात थंड झालेलं असतं, म्हणजे काचेसारखं कडक. मी स्वतः वेल्डर आहे, आणि आमच्यातलेच लोक अर्थिंगची क्लिप चेनला अडकवतात हे कबूल करते.

तड्याची शंका असेल तर डाय पेनिट्रंट मारा. लाल द्रव, पुसणं, मग पांढरी पावडर. तडा असेल तर लाल रेघ आपोआप वर येते.

पोलादीकाका

आमच्या काळी चेन ठराविक महिन्यांनी भट्टीत घालून हळूहळू थंड करायचो. ॲनिलिंग. चेन नव्यासारखी मऊ व्हायची. हल्ली कोणी करत नाही, म्हणून चेन तुटतात. व्हर्नियर घेऊन बसलेत सगळे.

मोजपट्टी

काका, तुम्ही करत होतात ते बरोबरच होतं, पण ती चेन वेगळी होती. रॉट आयर्नची, म्हणजे जुन्या घडीव लोखंडाची चेन धक्के खाऊन कडक आणि ठिसूळ व्हायची, म्हणून तिला वेळोवेळी ॲनिल करावं लागे आणि तसा नियमही असे. आजची ग्रेड 8 ची चेन मिश्र पोलादाची, कारखान्यातच पाणी देऊन टेंपर केलेली. तिची सगळी ताकद त्या उष्णताप्रक्रियेत आहे. ती भट्टीत घातलीत तर चेन दिसायला तीच राहील आणि ताकद कुठल्या कुठे जाईल.

पोलादीकाका

मग तापलेल्या मालाजवळ वापरता ते चालतं होय?

ठिणगी

हा बरोबर पकडला मुद्दा, काका. ग्रेड 8 ला 200 अंश सेल्सियसपर्यंत पूर्ण लोड चालतो. 200 ते 300 मध्ये 90 टक्के, 300 ते 400 मध्ये 75 टक्के. एकदा 400 च्या वर तापली की चेन कायमची बाद, थंड झाली तरी परत घ्यायची नाही. ग्रेड 10 ला ही सूट गृहीत धरू नका. काही निर्माते 200 च्या वर वापरूच नका म्हणतात, ज्याची चेन त्याचाच तक्ता बघायचा.

म्हणून तपासताना रंगही बघायचा. निळसर-जांभळी झाक म्हणजे चेन तापलेली आहे. कोणीतरी वाकलेली लिंक गॅसने तापवून सरळ केलेली असते, आणि करणाऱ्याला वाटतं आपण दुरुस्ती केली.

पोलादीकाका

बरं. भट्टीचं मागे घेतो. पण धुण्याआधी हातमोजा घालून चेनवर हात फिरवा एवढं माझं ऐका. डोळा थकतो, हात थकत नाही.

वाचनमात्र

मी या क्षेत्रातली नाही, पण धागा सोडवत नाही. एक बाळबोध शंका. 'ग्रेड 8' मधला 8 कसला?

मोजपट्टी

बाळबोध नाही. चेन तुटायच्या क्षणी लिंकच्या पोलादावर सरासरी किमान किती ताण येतो त्यावरून. ग्रेड 8 किंवा 80 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, ग्रेड 10 किंवा 100 म्हणजे 1000. प्रत्यक्ष वापरायला परवानगी त्याचा चौथा हिस्सा. 10 मिमी ग्रेड 8 चा एक लेग 3.15 टन उचलायला मंजूर असतो, तोच ग्रेड 10 मध्ये 4 टन. ग्रेडचा आकडा लिंकवर ठराविक अंतराने ठोकलेला असतो.

तिसरीपाळी

म्हणजे चौपट ताकद हातात असते. मग 10 टक्के झिजली तर एवढं काय बिघडतं? (मला माहीत आहे, पण फोरमन हाच प्रश्न विचारणार, म्हणून आधीच विचारून ठेवतो.)

घारपंजा

ती चौपट आपल्यासाठी शिल्लक ठेवलेली नसते हो. झटका बसतो, लोड अडकतो, वजन अंदाजे सांगितलेलं असतं ('दोन टनाचं असेल' म्हणतात, निघतं तीनचं), त्यात अँगल. लेग जितके फाकतील तितका प्रत्येकावरचा ताण वाढतो. नवा_भिडूंच्या स्लिंगच्या टॅगवर बहुतेक 4.25 टन असेल. तो आकडा प्रत्येक लेग उभ्या रेषेपासून 45 अंशांच्या आत असेल तरच. 45 ते 60 मध्ये तीच स्लिंग 3.15 वर येते. 60 च्या पुढे उचलायचंच नाही. ज्याने अँगल न बघता लोड लावला त्याने ती चौपट आधीच खाऊन टाकलेली असते. वर तुमची झीज.

ठिणगी

धारदार कडेचं विसरलात. कोपऱ्याला पॅकिंग न देता चेन घातली की लिंक वाकते, आणि लिंक ओढायला बनवलेली आहे, वाकवायला नाही. तपासताना एखादीच लिंक बाजूला मुडपलेली दिसली तर समजायचं की ती कुठल्यातरी काठावर आडवी बसली होती.

गाठोडं

आमच्याकडे चेन लांब पडली की गाठ मारायचे. गाठ! नाहीतर दोन लिंकमधून बोल्ट घालायचे. मी शॉर्टनिंग हुक (चेन आखूड करायचा खास हुक) मागितला तर 'गाठीला काय झालं' हेच ऐकायला मिळालं.

तिसरीपाळी

आयडी सार्थ केलात.

दमदार_दोर

या सगळ्यापेक्षा उचलायचे कापडी बेल्ट वापरा. हलका, रंगावरून क्षमता कळते, मालाला ओरखडा नाही. चेनचा एवढा सोपस्कार कशाला?

घारपंजा

बेल्ट कापला गेला की फेकायचा, हे लोक पाळतात का? मी शिवलेले बेल्ट पाहिलेत. धारदार आणि गरम मालाला चेनच लागते. आणि चेनचा एक गुण बेल्टमध्ये नाही, तो म्हणजे ती सांगून जाते. ग्रेड 8 ची स्लिंग चेन तुटण्याआधी किमान 20 टक्के लांबायला हवी असं मानकच आहे. म्हणजे तीन मीटरचा लेग तुटेपर्यंत हातभर लांब झालेला असतो. ज्याला बघायचंय त्याला दिसतं.

ठिणगी

घारपंजा, 'सांगून जाते' यावर विसंबू नका. मी एक चेन न सांगता गेलेली पाहिली आहे. लोड मंजुरीच्या निम्माही नव्हता. लिंक लांबलेली नाही, झिजलेली नाही, सरळ टचकन तुटली. तुटलेली जागा दाणेदार, ताण येऊन बारीक झालेली अजिबात नाही. नंतर कळलं, ती काही महिने ॲसिडच्या टाकीवर माल बुडवायला वापरली होती. 'गंज स्वच्छ निघतो' म्हणून लोक खूश होते. ॲसिडमुळे सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि असं कडक केलेलं पोलाद ठिसूळ होतं. व्हर्नियरला यातलं काही कळत नाही. माल खाली टेकायला वीतभर राहिलं होतं, म्हणून कोणाला लागलं नाही.

म्हणून ग्रेड 8 ची चेन ॲसिडमध्ये किंवा त्याच्या वाफेत न्यायची नाही, आणि गंज नको म्हणून जस्ताचा मुलामाही परस्पर द्यायचा नाही. तपासणाऱ्याने चेनला विचारण्याआधी माणसांना विचारावं, की हिला कुठे-कुठे नेली होती?

वाचनमात्र

बापरे.

सुविचारी

शेवटी साखळीची ताकद म्हणजे तिच्या सर्वात दुबळ्या कडीची ताकद!

तिसरीपाळी

हे कोणीतरी टाकणारच होतं. मी पैज हरलो, मला वाटलं होतं पाचव्या प्रतिसादातच येईल.

नवा_भिडू

मंडळी, स्लिंग परवाच उतरवून ठेवली. घारपंजांचा सल्ला. आज अर्धा दिवस ती धुऊन, घासून, लिंक-लिंक बघून झाली. काकांचा सल्लाही मानला आणि खरंच एक खाच हातालाच आधी लागली (वरवरची होती).

आता आकडे. लांब भरलेल्या लेगमध्ये हुकाकडच्या सात लिंक वेगळ्या दिसतात, गोलाईच्या आत चक्क चमचमीत खळगे आहेत. सर्वात वाईट लिंकला एका दिशेने 8.6 आणि काटकोनात 9.9. सरासरी 9.25. म्हणजे 9.0 च्या वर, म्हणजे पास? फोरमनना दाखवलं तर म्हणाले, "झालं की मग, लाव परत." पण ते खळगे बघून माझं मन धजत नाही.

मोजपट्टी

मन धजत नाही तेच बरोबर आहे. सरासरीचा नियम एवढ्यावर पास म्हणतो, खरंय. पण अमेरिकी मानक एएसएमई बी30.9 मध्ये सरासरी नाहीच, तिथे लिंकच्या कुठल्याही एका बिंदूवरची कमीत कमी जाडी बघतात. 10 मिमी चेनला ती 8.69. तुमचं 8.6 तिथे नापास.

नवा_भिडू

एकच लिंक, एका पुस्तकात पास, दुसऱ्यात नापास. फोरमन कुठलं पुस्तक निवडतील हे सांगायला नको.

दमदार_दोर

म्हणून म्हणतो बेल्ट.

घारपंजा

दोर, तुम्ही जरा बसा.

मोजपट्टी

पुस्तकांचं भांडण सोडवायला तिसरं माप आहे, आणि ते तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये नकळत घेतलं होतं. लांबी.

जरा गणित करू. लिंक आतून 30 मिमी. गोलाईत आतल्या बाजूने जाडी 10 ची 8.6 झाली, म्हणजे एका टोकाला 1.4 मिमी खड्डा. लिंकला टोकं दोन. तर आतली लांबी 30 ची 32.8 झाली. म्हणजे 9 टक्क्यांहून जास्त वाढ. अशा सात लिंक म्हणजे सात वेळा 2.8, साडेएकोणीस मिलिमीटर. तुमचं 'बोटाच्या रुंदीएवढं' किती होतं, मोजलंत का?

बऱ्याच निर्मात्यांच्या पुस्तिकांत झिजेमुळे आतली लांबी 5 टक्क्यांहून जास्त वाढली तर चेन बाद असं लिहिलेलं असतं. तुमच्या लिंकला ती मर्यादा 31.5. व्हर्नियरची वरची बारीक चोच लिंकच्या आत घालून मोजा. जाडीत वाद घालता येतो, यात येत नाही.

वाचनमात्र

थांबा. म्हणजे जाडीच्या नियमाने पास होणारी लिंक लांबीच्या नियमाने केव्हाच नापास झालेली असते?

मोजपट्टी

झीज आतल्या बाजूने एकाच दिशेला असेल तर हो. सरासरीत न झिजलेली बाजू झिजलेल्या बाजूला सांभाळून घेते. लांबीत मात्र दोन टोकांचे खड्डे एकमेकांत मिळतात. म्हणून मी दोन्ही मापं घेतो, आणि जे आधी नापास होईल ते धरतो.

ठिणगी

फक्त एक तपासून बघा, ही झीजच आहे ना, की चेन ओव्हरलोडने ताणली गेलीये? लांबी दोन्हीत वाढते. ताणलेल्या लिंकच्या सरळ बाजू आत ओढल्या जातात, लिंक अरुंद होते आणि शेजारच्या लिंकमध्ये अडकते, मोकळी फिरत नाही. गोलाईची जाडी फारशी कमी झालेली नसते. तसं असेल तर टक्के वगैरे काही बघायचंच नाही. ताणली म्हणजे गेली, आणि त्या स्लिंगचे हुक, मास्टर लिंक (वरची मोठी कडी) सगळंच संशयित.

नवा_भिडू

मोजलं. लांबीतला फरक 19 मिमी भरला! सात लिंकची आतली मापं 32.5 ते 32.8. त्याच लेगच्या वरच्या टोकाला 30.2. दुसऱ्या लेगमध्ये हुकाजवळ 30.6. लिंक सगळ्या मोकळ्या फिरतात, रुंदी कमी झालेली नाही. म्हणजे झीजच.

पण एकाच लेगला, आणि हुकाकडेच का?

घारपंजा

उचलता काय? पंप-मोटर म्हणालात. सलग एका बेसवर असेल तर मोटरकडची बाजू जड. वजन एका बाजूला झुकलं की दोन लेग निम्मं-निम्मं घेत नाहीत. म्हणून अशा लोडला दोन लेगची बेरीज धरायची नसते, सगळं एकाच लेगवर आलंय असं समजून 3.15 च्या आत राहायचं.

नवा_भिडू

वजन पावणेतीन टन, म्हणजे वाचलो. पण काका-मंडळी, तुम्हाला हसू येईल. त्या लेगच्या हुकाला कोणीतरी लाल रंग लावून ठेवलाय. आज विचारलं तेव्हा कळलं, 'लाल नेहमी मोटरकडे' अशी खूण आहे! कित्येक वर्षं तोच लेग जड बाजूला.

तिसरीपाळी

बिचारा लाल. कोणीतरी युनियन काढून द्या त्याला.

घारपंजा

आणि हुकाकडेच का, तर लोड टेकला की खालच्या लिंक सैल पडून जमिनीवर लोळतात. तिथली वाळू, लोखंडाचा कीस गोलाईत चिकटतो. परत ताण आला की तो दोन लिंकमध्ये दळला जातो. जात्यात खडा. वरचं टोक हवेत स्वच्छ राहतं.

ठिणगी

तो लाल रंगही काढा बरं का. रंगाखाली तडा दिसत नाही. खूण हवी तर टॅग लावा.

पोलादीकाका

आम्ही लेग आलटून-पालटून लावायचो. एका आठवड्यात हा जड बाजूला, पुढच्यात तो. भट्टी गेली ती गेली, हे तरी शिल्लक ठेवा.

मोजपट्टी

हे शंभर टक्के मान्य, काका.

नवा_भिडू

शेवटचं कळवतो. फोरमनना जाडीचा आकडा नाही दाखवला. टेबलावर झिजलेली लिंक आणि त्याच लेगची वरची लिंक शेजारी ठेवून व्हर्नियर त्यांच्याच हातात दिलं. 30.2 आणि 32.8. दोनदा मोजलं त्यांनी. मग एवढंच म्हणाले, "दुसरी स्लिंग मागव." वहीत पहिल्यांदा 'ठीक नाही' लिहिलं.

मागच्या तीन वर्षांच्या 'ठीक'चा उलगडाही झाला. या क्षमतेची ही एकच स्लिंग होती. 'ठीक नाही' लिहिलं असतं तर काम थांबलं असतं, म्हणून तो माणूस ठीक लिहायचा. वाईट माणूस नव्हता म्हणतात.

दोन प्रश्न उरलेत. नुसता तो लेग बदलता येईल का? आणि फोरमन म्हणतायत, बाद चेन फाटकाला बांधायला ठेवू, चालेल?

मोजपट्टी

लेग बदलता येतो. जोडणी कपलिंग लिंकची (पिन काढून उघडणाऱ्या जोडकडीची) असेल तर निर्माता किंवा त्याचा अधिकृत माणूस त्याच मापाची, त्याच ग्रेडची चेन घालून, गरज असेल तिथे प्रूफ टेस्ट (जादा लोड लावून चाचणी) करून नवं प्रमाणपत्र आणि टॅग देईल. कपलिंगची पिन नवी. घरच्या घरी वेल्ड करून लिंक जोडणं मात्र अजिबात नाही. हुकाचं तोंडही मोजून घ्या, मूळ मापापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त उघडलं असेल, किंवा लॅच (हुकाचं तोंड बंद करणारी पट्टी) तोंडावर टेकत नसेल, तर हुकही बाद. काही मानकं याहून कडक आहेत.

घारपंजा

फाटकाला अजिबात नाही! आमच्याकडे एक बाद चेन अशीच कशाला तरी बांधलेली होती. रात्रपाळीला स्लिंग कमी पडली, कोणीतरी ती सोडली, हुक लावला आणि माझ्या क्रेनला आणून अडकवली. टॅग नाही म्हणून मी उचलायला नकार दिला, त्यावर अर्धा तास भांडण. ग्राइंडरने तुकडे करा. दोन-दोन लिंकचे.

नवा_भिडू

केले. अख्खी डिस्क संपली, पण केले. सात लिंकपैकी एक टेबलावर ठेवलीये, पुढच्या माणसाला दाखवायला.

आता वहीत पुढची ओळ चेन पुलीच्या लोड चेनची आहे. तिलाही हेच 5 टक्के लावायचे का?

मोजपट्टी

नाही! ती वेगळी जात. वरून कडक केलेली असते, पुलीच्या खाचांत बसावी लागते, त्यामुळे मर्यादा बरीच कमी आणि एका लिंकऐवजी अनेक लिंकची लांबी एकत्र मोजतात. पुलीची पुस्तिका शोधा आणि नवा धागा काढा.

तिसरीपाळी

पुस्तिका शोधायलाच एक धागा लागेल.